परकायाप्रवेश आणि ओळख

परकायाप्रवेशाची कथा आपणांस नवी नाहीं. शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहांत शिरले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. तींत एक बारकावा आहे. मेलेला राजा उठला तो इतका शहाणा व सद्गुणी कसा झाला, असा संशय त्याच्या मंत्र्यांस येतो. देह तोच असला तरी आंतला मनुष्य बदलला, हें जवळच्यांस कळावयाचेंच, असा त्या कथेचा भरंवसा आहे.

‘बफी द व्हँपायर स्लेयर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेनें हा भरंवसा पार मोडून टाकला. १९९७ ते २००३ या काळांत चाललेली ही मालिका पिशाच्चांशीं लढणाऱ्या एका तरुणीची. फेब्रुवारी २००० मध्यें दाखविलेल्या तिच्या दोन भागांत फेथ नांवाची, तशीच सामर्थ्यवान पण वाट चुकलेली मुलगी दीर्घ बेशुद्धींतून जागी होते आणि एका मंतरलेल्या यंत्राच्या योगानें बफीशीं शरीराची अदलाबदल करिते. फेथच्या देहांतील बफी कैदेंत पडते. फेथ बफीच्या घरांत वावरूं लागते.

कोणाच्याहि कांहीं ध्यानांत येत नाहीं. आई नेहमींच्याच मायेनें बोलते. जिवलग मैत्रीण विलो समोर असून तिला संशय येत नाहीं. प्रियकर रायली तिच्यासह रात्र घालवितो व आपलें प्रेम बोलून दाखवितो. मग ओळखतें कोण? टॅरा, विलोची नवी मैत्रीण, जिनें बफीस त्यापूर्वीं पाहिलेंहि नव्हतें. या मुलीची जीभ अडखळते, आणि फेथ त्यावरून तिची टवाळी करिते. देह आणि आंतलें चैतन्य यांचा मेळ नाहीं हें तिलाच उमगतें. टॅरा मंत्रविद्या जाणते हें खरें, पण आमच्या मतें तें निमित्तमात्र होय. ती नवखी होती म्हणून निरखून पाहत होती; बाकीच्यांना पाहण्याची गरजच उरली नव्हती.

हा भाग संपल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, “तुम्हीं ओळखलें असतें का?” आम्हीं अर्थातच होकार दिला. “कशावरून?” हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. उत्तर देण्याच्या आंत चहा आला, हें बरें झालें!

रायलीला दोष देणें सोपें आहे. त्याचा बचाव त्याहूनहि सोपा. शरीरें बदलतात अशी शंका कोण शहाणा घेईल? परंतु बफीच्या मनाचें समाधान त्यानें व्हावें कसें? चारच भागांपूर्वीं तिचे गुरु जाइल्स राक्षसरूप झाले असतां तिनें त्यांस केवळ डोळ्यांवरून ओळखलें होतें.

आमचें मन अधिक गुंतलें तें फेथमध्यें. आरशासमोर उभी राहून ती बफीच्या नीतिमत्तेची नक्कल करिते, खिदळते. पण रायलीचे प्रेमाचे शब्द ऐकतांच ती त्याला दूर लोटते. जन्मभर जें मिळालें नाहीं तें मिळालें, तेंहि दुसरीच्या नांवावर! पुढें पळून जाण्यासाठीं ती विमानतळावर पोंचते आणि एका चर्चमध्यें पिशाच्चांनीं माणसें कोंडल्याची बातमी पाहते. ती परत फिरते, आणि आरशापुढें ज्या शब्दांची थट्टा केली तेच शब्द आतां मनापासून उच्चारते. तेथेंच बफीशीं तिची गांठ पडते. समोर तिचाच चेहरा असतो, आणि ती त्यावर ठोसे मारीत शिव्याशाप देत सुटते. सारा मिशेल गेलर या नटीनें हा प्रसंग असा वठविला आहे, कीं बफीच्या मुद्रेवर आपणांस फेथच दिसत राहते.

देह अखेर जेथल्या तेथें येतात. फेथ मालगाडींतून निसटते व कांहीं आठवड्यांनीं लॉस एंजेलिसमध्यें स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होते. बफी आणि रायली मात्र एकमेकांसमोर अवघडून उभीं राहतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रायली तिला सोडून जातो. कारणें निराळीं दाखविलीं आहेत. आम्हांस मात्र त्या रात्रीचीच आठवण झाली.