धीमी गाडी

गोष्ट किती सावकाश सांगावी, याचा निर्णय सांगणाऱ्यानें करावा कीं ऐकणाऱ्यानें, हा प्रश्न साहित्यशास्त्राइतकाच जुना आहे. आम्हीं तो वर्गांत विद्यार्थ्यांस अनेकवार विचारला, आणि परीक्षेस उपयोगी पडेल असें त्याचें उत्तरही लिहून दिलें. परंतु तोच प्रश्न बोरीवलीस आमच्या स्वतःच्या घरीं निराळ्या रूपानें उभा राहिला, तेव्हां त्या उत्तराचा आम्हांस कांहीं उपयोग झाला नाहीं.

आमच्या वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, चौतीस वर्षें बोरीवलीहून चर्नी रोडपर्यंत कचेरीचा प्रवास केला, आणि तो बहुधा धीम्या गाडीनें. जलद गाडी पंधरावीस मिनिटें आधीं पोंचविते हें त्यांस ठाऊक होतें. पण बोरीवलीहून सुटणाऱ्या धीम्या गाडींत खिडकीजवळ बसावयास मिळतें, वर्तमानपत्र नीट वाचून होतें, आणि वाटेंत कोण चढलें, कोण उतरलें हेंही दिसतें, असें त्यांचें म्हणणें. तीन वर्षांपूर्वीं त्यांचें दुखणें विकोपास गेलें. डॉक्टरांनीं आम्हांस बाजूस घेऊन सांगितलें कीं, आतां हिशेब महिन्यांचा करावा, वर्षांचा करूं नये. अण्णांस आम्हीं यांतलें कांहीं कळूं दिलें नाहीं.

रात्रीं त्यांस झोंप येत नसे. म्हणून आमच्या संग्रहीं असलेल्या जुन्या तबकड्यांवरील ‘बॅबिलॉन ५’ ही अमेरिकन मालिका त्यांस दाखवावयाचें ठरलें. ऐंशीच्या दशकांत दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ आम्हीं पितापुत्रांनीं जोडीनें पाहिल्या होत्या. अंतराळ त्यांस अगदींच परकें नव्हतें. ‘स्टार ट्रेक’ची रीत अशी कीं, संकट ज्या भागांत उद्भवे त्याच भागांत बहुधा त्याचें निवारण होई, आणि यान दुसऱ्या ताऱ्याकडे निघून जाई. अंतराळस्थानकाच्या कथेस ही सोय नाहीं. स्थानक जागचें हलत नाहीं. आज केलेल्या चुकीचें फळ उद्यां त्याच दाराशीं येऊन उभें राहतें. यानाची कथा प्रवाशाची, तर स्थानकाची कथा संसाराची. १९९३ सालीं सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’नें ही गोष्ट हळूहळू ओळखली, आणि तिचीं अखेरचीं वर्षें एका दीर्घ युद्धानें व्यापलीं. पण ‘बॅबिलॉन ५’चे कर्ते जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनीं पांच वर्षांची कथा आरंभींच योजून ठेवली होती. १९९४ ते १९९८ या काळांत तिचे ११० भाग झाले. त्यांतील ९२ त्यांनीं एकट्यानें लिहिले.

आपल्याकडे हा प्रकार नवीन नाहीं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून हप्त्याहप्त्यानेंच प्रसिद्ध झाली. यमूच्या बाळपणाचे बारीकसारीक तपशील वाचकांच्या मनांत आधीं मुरले नसते, तर तिचें पुढील दुःख त्यांस इतकें लागलेंच नसतें. संथपणा हा स्वतः दोष नव्हे. धीमी गाडी निराळी, आणि सिग्नलापाशीं खोळंबलेली गाडी निराळी. आजच्या कित्येक दैनंदिन मालिका पाहतांना आम्हांस दुसरीचीच आठवण होते.

हें सगळें ठाऊक असूनही आम्हीं काय केलें तें सांगतों. पहिलें वर्ष संथ आहे, असें या मालिकेचे भक्तही कबूल करतात. रोज एक, असे ११० भाग. आम्हीं मनांतल्या मनांत हिशेब केला, आणि पहिल्या वर्षाचे २२ भाग गाळून दुसऱ्यापासून आरंभ केला. अण्णांस त्याविषयीं बोललों नाहीं.

तिसऱ्या वर्षीं चौथ्या बॅबिलॉन स्थानकाचें रहस्य उलगडतें. हें स्थानक चालू झाल्यावर चोवीस तासांत नाहींसें झालेलें असतें. त्या प्रसंगीं पहिल्या वर्षींचा स्थानकप्रमुख सिंक्लेअर परत येतो. अण्णांनीं चित्र थांबवावयास सांगितलें.

“हा कोण?”

आम्हीं सांगितलें.

“मग याला मी आधीं पाहिला कसा नाहीं?”

तेंही सांगावें लागलें.

“म्हणजे तूं मला अंधेरीला गाडींत चढविलेंस, आणि सांगितलेंस बोरीवली म्हणून!” ते हंसले. मग थोड्या वेळानें हळूच म्हणाले, “अरे, पण तुला घाई कसली आहे?”

आमच्याजवळ उत्तर होतें. तें देतां येण्यासारखें नव्हतें.

दुसऱ्या रात्रीं पहिल्या वर्षाचा पहिला भाग लावला. त्यांत राजदूत लोंडो आपल्या मृत्यूचें स्वप्न सांगतो: वीस वर्षांनीं आपण आणि दुसरा एकजण परस्परांचे गळे आवळून मरणार. अण्णा उठून बसले. बावीस रात्री त्यांनीं एकही भाग अर्ध्यावर सोडला नाहीं. तेविसाव्या रात्रीं तें थांबविलेलें चित्र पुन्हां सुरू झालें. सिंक्लेअर दिसतांच, जुना शेजारी भेटावा तसे ते प्रसन्न झाले. आणि लोंडोचें तें स्वप्न खरें झालेलें पाहून बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

चौथ्या वर्षाचे चार भाग झाले आणि अण्णा गेले. शेवट त्यांनीं पाहिला नाहीं.

त्या बावीस रात्री वांचविल्या असत्या तर, हा विचार आम्हांस पुष्कळ दिवस छळीत असे. शेवटीं मास्तरी संवयीनें आम्हीं कागदावर आंकडे मांडले. अण्णांस मिळाल्या सत्तरेक रात्री. पहिलें वर्ष गाळूनही भाग उरत होते ८८. म्हणजे शेवट हातीं लागलाच नसता, आणि आरंभही गेला असता.

या मालिकेच्या कर्त्यांसही अशीच घाई भोंवली. पांचवें वर्ष मिळेल कीं नाहीं, याची शाश्वती नसल्यामुळें त्यांनीं चौथ्या वर्षींच दोन युद्धें उरकलीं, आणि अखेरचा भागही चित्रित करून टाकला. पुढें पांचवें वर्ष मिळालें. तयार शेवट वर्षभर बाजूस ठेवावा लागला, आणि मुख्य गोष्ट आधींच सांगून झाल्यामुळें त्या वर्षाचा पूर्वार्ध रेंगाळला. समीक्षक म्हणून आम्हीं यास पूर्वीं रचनेचा दोष म्हटलें असतें. आतां म्हणवत नाहीं. वेळ संपत आल्याची भीति मनांत शिरली म्हणजे माणूस काय काय गाळतो, हें आम्हांस ठाऊक झालें आहे.

उरलेले भाग आम्हीं अद्याप पाहिले नाहींत. मागील महिन्यांत आईनें विचारलें, “तुम्ही दोघे रात्रीं तें काय पाहत होतां रे?” तिला कोठून दाखवावें याचा आम्हीं क्षणभर विचार केला. मग पहिली तबकडी काढली. काल सातवा भाग झाला.