वासाचे पैसे

5,000 रुपयांच्या डिपॉझिटमधले 2,000 कापून घेतले आणि कारण लिहिलं, ‘वास’. व्हॉट्सॲपवर एवढा एकच शब्द. तो मेसेज मी अजून पुसलेला नाही.

आम्ही सावंतवाडीकडचे ख्रिस्ती, नोकरीमुळे तळेगावला स्थायिक झालेले. पावसाळ्यात आम्ही आणि गोव्याकडचे नातेवाईक लोणावळ्याला एखादा बंगला घेऊन शनिवार-रविवार एकत्र राहतो. आत्या येताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरिसांची माळ आणते. गोव्याचं हे सॉसेज ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे बारीक तुकडे करून मीठ लावायचं. लाल मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी हे सगळं माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्याला चोळायचं. मुरलं की आतड्यात भरून दोऱ्याच्या गाठी मारायच्या, उन्हात वाळवायचं आणि धुरी द्यायची. पावसात समुद्र बंद, ताजी मासळी नाही, म्हणून मे महिन्यात पुरुमेंताची बेगमी करताना सुक्या मासळीबरोबर या माळाही घरात येत आणि चुलीवर टांगल्या जात. म्हणजे हे पावसातच खायचं अन्न, आणि लोणावळ्याइतका पाऊस आणखी कुठे मिळणार?

तांदूळ मात्र इथलाच. पवन मावळातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आम्ही वर्षाचा इंद्रायणी घेतो. आंबेमोहरापासून तयार केलेला हा वाण 1987 साली मावळातल्याच संशोधन केंद्रातून बाहेर पडला आणि आता मावळ म्हटलं की लोकांना तोच आठवतो. आमच्या गोव्याच्या नातेवाइकांना हे पटत नाही. “चिकट तांदूळ, चोरिसात घातलास तर चिखल होईल,” असं आत्या दरवेळी म्हणते. नाही होत. एक तर दिवाळीच्या सुमारास कापलेला तांदूळ ऑगस्टपर्यंत चांगला जुना झालेला असतो, त्याचा चिकटपणा उतरतो. दुसरं म्हणजे चोरिसातली आंबटाई दाणा धरून ठेवते. भात मोकळा व्हावा म्हणून आपण लिंबू पिळतो ना, तसंच.

गाठी कापून, वरची साल काढून चोरीस जाड बुडाच्या पातेल्यात टाकायचे. तेल नाही. अर्धी वाटी पाणी आणि मंद आच. पाणी आटलं की चरबी सुटायला लागते, आधी कडेनं केशरी रेघ, मग पातेल्याचा सगळा तळ लाल. त्यात उभा चिरलेला कांदा, बटाट्याच्या फोडी आणि धुऊन निथळलेला तांदूळ. दाणा काचेसारखा दिसू लागेपर्यंत परतायचा, पण हलक्या हातानं, इंद्रायणी लगेच मोडतो. मग दुप्पट गरम पाणी. मीठ आधी घालू नये, पाण्याची चव बघूनच घालावं. मीठ चोरिसात भरपूर असतं. बासमती या चरबीला अंगावर घेत नाही, ती दाण्यावरून निथळून तळाशी बसते. इंद्रायणीचा प्रत्येक दाणा लाल होतो. त्याचा स्वतःचा सुगंध लसणीपुढे टिकत नाही हे खरं, पण मला तो सौदा मान्य आहे.

तर हे शिजत होतं. बंगल्याची राखण करणारे काका दारात आले. “ताई, कशाचं हाय?” मी सांगितलं. ते “बरं” म्हणून गेले. संध्याकाळी मालकांचा फोन. “तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

“काय सांगायला हवं होतं?”

“ते आहे म्हणून.”

ते! त्या प्राण्याचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, नॉनव्हेज चालेल. बुकिंगच्या वेळी हेच गृहस्थ मला म्हणाले होते, चिकन करा, मटण करा, मासे तळा, फक्त रात्री गोंधळ नको. मागच्या अंगणात कोळशाची शेगडी होती आणि आधीच्या लोकांची कोंबडीची हाडं तिथेच पडलेली होती. त्यांच्याकडून वासाचे किती घेतले, असं मी विचारलं. फोन ठेवला गेला.

मला राग पैशांचा नाही. त्या वासात डुकराचा असा वास होता तरी किती? लसूण होता, व्हिनेगर होतं, मिरची होती, लवंग होती. कुणी नुसतं पातेलं हुंगून सांगून दाखवावं, हे मटण नाही म्हणून. काकांनी विचारलं, मी खरं उत्तर दिलं, आणि त्या उत्तराला वास आला. मी “मटण” म्हटलं असतं तर 5,000 च्या 5,000 परत मिळाले असते. खरं बोलण्याचा दंड भरावा लागला, हे मला सहन होत नाही. शिवाय त्या घरात बुरशीचा वास आधीपासून होता, कपाट उघडवत नव्हतं. त्याबद्दल आम्ही कुणाचे पैसे कापले नाहीत.

एखाद्याच्या घरात हे मांस चालत नसेल तर तो त्याचा हक्क आहे. श्रद्धा असते, माळ घातलेली असते, किंवा नुसती किळस असते, तिलाही मी नाव ठेवत नाही. पण मग ते आधी लिहावं. एक ओळ पुरे. आम्ही मुकाट दुसरीकडे गेलो असतो. बंगले भाड्यानं देणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, नॉनव्हेज या एका शब्दात तुम्ही काय धरता ते स्पष्ट करा. आणि घेणाऱ्यांनो, पैसे भरण्याआधी ते लेखी घ्या.

त्यानंतर मी कार्ल्याजवळच्या एका बाईंना फोनवर सरळच सांगितलं, डुकराचं मटण शिजवणार आहोत, चालेल का? त्या म्हणाल्या, “शिजवा की. फक्त भांडी तुमची आणा, आमची नको.” मी लगेच पैसे पाठवले, आमचं जाड बुडाचं पातेलं गाडीत टाकलं, आणि त्या अटीचं मला काहीही वाटलं नाही. नवरा म्हणतो, दोघांचं म्हणणं एकच होतं, मग एकाचा एवढा राग आणि दुसरीचं कौतुक का? एकच नव्हतं, असं मी त्याला ठामपणे सांगते. भांडी बाहेरची आणा म्हणणं आणि ‘ते’ म्हणणं यांत नेमका फरक काय, ते मात्र मला अजून त्याला पटवून देता आलेलं नाही.