सहामाहीच्या तोंडावर

दसरा सरला की बीड जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच येतात. शाळेच्या फळ्यावर सहामाहीचं वेळापत्रक लागतं आणि गावात ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या दिसायला लागतात. नववी-दहावीतलं लेकरू ओसरीवर भूमितीची प्रमेयं घोकत असतं आणि आत आई पत्र्याची पेटी भरत असते. ज्वारी-बाजरीचं पीठ, तिखटाची बरणी, दोन गोधड्या, धार लावून आणलेले कोयते. परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागते त्या सुमारास आईबाप सांगली-कोल्हापूरकडं, नाही तर कर्नाटकात निघतात आणि परततात ते मार्च-एप्रिलला. इतर जिल्ह्यांतल्या बहुतेक मुलांना दिवाळीआधी परीक्षेचा एकच ताण असतो. आमच्याकडच्या हजारो मुलांना तो दुहेरी असतो, आणि हे आजचं नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. बदललं आहे ते एवढंच, की या ताणात लेकराच्या जवळ कोण बसतं.

मी नववीत होतो ते साल १९९३. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं केज-धारूर पट्ट्यातलं गाव वाचलं, पण जमीन आमच्याकडंही हलली होती. फडताळावरची भांडी खाली आली होती आणि पुढं कितीतरी रात्री सगळं गाव अंगणात झोपत होतं. माळवदाच्या घरात दिवेलागणीनंतर आत जायला कुणी धजेना. सहामाही तोंडावर आलेली आणि पुस्तक उघडायचं तर कुठं, हाच प्रश्न. आमच्या गुरुजींनी त्यावर तोड काढली. शाळेच्या मैदानात लिंबाच्या फांदीला त्यांनी बत्ती टांगली आणि मोठ्या वर्गातल्या पोरांना जेवण करून, गोधडी घेऊन यायला सांगितलं.

रात्रीचा अभ्यास तसा तेव्हा मराठवाड्यातल्या पुष्कळ शाळांत चाले. भूकंपाच्या साली तो उघड्यावर आला इतकंच. बत्तीला हवा भरायची पाळी रोज एकाची. मेंटल पांढरंफेक पेटलं की भोवती किड्यांचं मोहोळ उठे आणि सकाळी वह्यांच्या पानांत चिरडलेले पंख सापडत. गुरुजी लोखंडी खुर्ची टाकून बसत. शिकवत नसत, नुसते बसत. पेपर वाचत, नाही तर दिवसाच्या वह्या तपासत. ज्याला गणिताची धास्ती, त्याला ते आधी येणारंच गणित सोडवायला लावत. ‘येतं ते लिही आधी, हात चालू होऊ दे,’ एवढंच म्हणत. हात चालू झाला की अवघड गणिताकडं पोरगं आपोआप वळे. साडेदहाला बत्ती शांत. कुणी कुरकुर केली की म्हणत, ‘झोप लेकरा, राहिलेलं पहाटं.’ पहाटे चारला एकेकाचं नाव घेऊन उठवत आणि अॅल्युमिनियमच्या किटलीतून गुळाचा चहा देत. मुली गुरुजींच्या घरी, काकूंच्या नजरेखाली अभ्यास करत. ज्यांच्या आईबापांच्या गाड्या आधीच निघाल्या होत्या त्या मुली तिथंच जेवत आणि निजत. काकूंनी त्याचा कधी बोभाटा केला नाही.

आज मानसोपचार तज्ज्ञ परीक्षेच्या दिवसांसाठी जे सांगतात, त्यातलं बरंचसं त्या मैदानात होतं. पुरेशी झोप, ठरलेली वेळ, सोप्याकडून अवघडाकडं जाणं, सोबत, आणि भीती बोलून दाखवायला एक मोठं माणूस. गुरुजी ते कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते. ते गावात राहत होते. रात्री आठ वाजता कुठलं लेकरू एकटं आहे, हे त्यांना दिसत होतं.

पेपर सुटल्यावरची गोष्टही सांगायला हवी. ऑक्टोबर म्हणजे बालाघाटात सीताफळांचे दिवस. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या लेखी ती पेपर सुटल्यानंतरची हक्काची वस्तू होती. पॅड आणि कंपास घरात टाकला की आम्ही सरळ डोंगराच्या वाटेला लागायचो. डोळे उघडलेली फळं झाडावरून उतरवायची, पिकायला गवतात दडवून ठेवायची, कालची पिकली का ते बघायचं. त्या दोन तासांत गेलेल्या पेपरचं नाव कुणी काढत नसे. घरच्यांनाही प्रश्नपत्रिका वाचता येत नव्हती, त्यामुळं ‘कसा गेला रं पेपर?’ याला ‘गेला’ एवढं उत्तर पुरे. मन मोकळं होऊन पोरगं दुसऱ्या पेपरला बसे. आता पेपर सुटण्याच्या आधीच क्लासच्या ग्रुपवर उत्तरं येऊन पडतात. फाटकाबाहेर आल्या आल्या मूल मोबाइलात आपले चुकलेले प्रश्न मोजायला लागतं आणि मराठीचे गेलेले चार मार्क घेऊन इंग्रजीच्या पेपरला जातं.

पण त्या काळाला नुसता गोड करून सांगणं हा अन्याय होईल. त्याच शाळेत छडी होती. सहामाहीचे मार्क सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचले जात आणि नापास पोराला बाकावर उभं केलं जाई. आणि सगळ्यांत वाईट दिवस परीक्षेचा नव्हताच. तो होता दिवाळीनंतर शाळा उघडण्याचा. गुरुजी हजेरी घेत आणि एकामागून एक नावांना उत्तरच येत नसे. गाड्यांबरोबर पोरंही गेलेली असत, लहान भावंडं सांभाळायला, वाढं गोळा करायला, बैलांकडं बघायला. माझ्या बाकावरचा सोबती त्या सहामाहीला गणितात वर्गात पहिला आला होता. तपासलेला पेपर त्यानं बघितलाच नाही. वार्षिक परीक्षेला तो नव्हता, आणि पुढच्या हंगामात त्याच्या स्वतःच्या हातात कोयता होता. बत्तीखाली बसवलेलं पोरगं फडावरून परत आणायची ताकद गुरुजींकडं नव्हती, आणि सरकारकडं तेव्हा त्यासाठी काही व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था पुढं आली. स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं सुरू झाली. आईबाप गेले तरी मूल गावात राहील, शाळेत दोन वेळ जेवेल, ही त्यामागची कल्पना. अनेक गावांत तिनं खरंच मुलं राखली. पण तिचा भर सहा ते चौदा वयावर, म्हणजे पहिली ते आठवीवर आहे. नेमकी नववी-दहावी, जिथं परीक्षेची धग सगळ्यांत जास्त, तीच तिच्या कडेला राहते. २०२१ साली राज्यानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलांची सोय. त्यात मोठ्या वर्गांतली मुलं येतात, आणि हे मोठं पाऊल आहे यात शंका नाही. तरी एका तालुक्यात शंभर मुलगे आणि शंभर मुली एवढाच त्याचा आवाका. बाकीची मुलं आजी-आजोबांकडं असतात, नाही तर थोरली बहीण धाकट्यांना रांधून घालत स्वतः दहावीचा अभ्यास करत असते.

मधल्या काळात परीक्षाही बदलली. शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली लागू झाल्यापासून आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. आता पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली असली, तरी मधल्या पिढीनं नापास होण्याची भीती पहिल्यांदा पाहिली ती एकदम नववीत. तोवर कुणी त्या भीतीशी ओळखच करून दिली नव्हती. दहावीची बोर्डाची परीक्षा आमच्या वेळी मार्चमध्ये असे. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. कागदावर फरक थोड्याच दिवसांचा आहे. पण दिवाळी, सराव परीक्षा आणि तोंडी परीक्षा वजा केल्या की सहामाहीनंतर हातात फार काही उरत नाही. शिवाय बोर्डाचे पेपर चालू असतात तेव्हा कारखान्यांचं गाळप बहुतेक ठिकाणी संपलेलं नसतं, म्हणजे आईबाप फडावरच असतात. तालुक्याच्या गावी आठवीपासून ‘नीट’ची तयारी करून घेणारे क्लास निघाले आहेत. लातूरला जायचं स्वप्न बघणारी मुलं केजपासून आष्टीपर्यंत भेटतात. चांगलं स्वप्न आहे. पण त्यापायी सहामाहीचा साधा पेपरही आता आयुष्याचा निकाल असल्यासारखा अंगावर येतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, आईबाप लवकरच फडावर गेलेल्या एका घरी गेलो होतो. मुलगी नववीत, आजीजवळ राहते. आई रात्री नऊच्या सुमारास फडावरून फोन करते, ऊस भरून झाला आणि रेंज असली तर. त्या वेळी पोरगी मोबाइल छातीशी धरून ओसरीच्या कडेला उभी होती, कारण रेंज तिथंच येते. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा पेपर. पुस्तक उघडं होतं, पान तेच. फोन आला तेव्हा ती आईशी अभ्यासाचं अवाक्षर बोलली नाही. ‘जेवलीस का, पाय दुखतो का,’ एवढंच विचारत राहिली. मग फोन ठेवून मला म्हणाली, ‘आईला टेन्शन नको.’ चौदा वर्षांचं लेकरू आईची काळजी करतंय आणि त्याची काळजी करायला रात्री जवळ कुणी नाही.

तिला आणखी एक भीती आहे, ती आमच्या बत्तीखालच्या पोरांना नव्हती. मार्क पडले तर शाळा सुटेल आणि शाळा सुटली तर लग्न. ही तिच्या मनाची समजूत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या दरम्यान, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. सहा महिने पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा आईबापाचा घोर त्यामागं आहे. अशा घरातल्या मुलीला ‘टेन्शन घेऊ नको, मन लावून अभ्यास कर’ म्हणणं म्हणजे तहानेल्याला विहिरीचा रस्ता नुसता बोटानं दाखवणं.

आकडे राज्याचेही गंभीर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बोर्डही परीक्षेच्या दिवसांत फोनवर बोलायला समुपदेशक नेमतं. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, आणि असतं तर माझा एखादा सोबती वेळीच बोलला असता, असं मला आजही वाटतं. म्हणून ‘पूर्वी कुठं होती असली थेरं’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण फोनपलीकडचं माणूस पहाटे चारला चहा देऊ शकत नाही. आज बहुतेक शिक्षक तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर येतात आणि संध्याकाळी परततात. त्यांच्या मागं माहिती भरायचा, फोटो टाकायचा, निवडणुकीचा असा ढीगभर ताप आहे. त्यांना दोष देऊन काही हाती लागणार नाही. मात्र रात्री आठनंतर गावात शाळेचं म्हणून कुणीच नसतं, हे खरं, आणि १९९३ आणि आज यांत मला हाच फरक सगळ्यांत मोठा वाटतो.

तो भरून काढता येईल असा आहे. आता बत्तीची गरज नाही, शाळांत वीज आहे. दसरा ते दिवाळी हे मोजके आठवडे एक वर्गखोली रात्री उघडी ठेवायला फार खर्च येत नाही. गावातला कॉलेजात जाणारा पोरगा, भरतीची तयारी करणारी पोरगी, निवृत्त गुरुजी, बचत गटातली एखादी ताई, आळीपाळीनं बसले तरी पुरे. मुलींची सोय वेगळी आणि आधी करावी. मुख्याध्यापकांनी सहामाहीचं वेळापत्रक ठरवताना गाड्या केव्हा निघणार हे गावाला विचारावं आणि निघण्याआधी एका संध्याकाळी आईबापांना शाळेत बोलवावं. मूल कुणाकडं राहणार, अडचणीला फोन कुणाला करायचा, हे तेव्हाच ठरावं. तपासलेले पेपर वर्गात मोठ्यानं वाचू नयेत. मुलाजवळ बसून, काय येतं ते आधी दाखवावं. आणि दिवाळीत फडावर आईला भेटायला गेलेलं लेकरू शाळा उघडायच्या दिवशी परत आलं का, हे पहिल्याच दिवशी बघावं. नाही आलं तर त्याच दिवशी फोन करावा, महिनाभरानं नाही.

या वर्षीच्या गाड्या निघायच्या आत एवढं करा. आणि शाळेच्या भिंतीवर १४४१६ हा नंबर ठळक लिहा, त्याच्याच खाली गावातल्या अशा एका माणसाचा नंबर लिहा, जो रात्री दहालाही फोन उचलेल आणि दार उघडेल.