जळगाव ते धुळे : पहाटेच्या वाटेवरचा उजेड

सुरतेहून नागपूरकडे जाणारा महामार्ग खानदेशाला आडवा छेदून जातो. जळगाव सोडले की बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे ही गावे मागे टाकत सुमारे ९० किलोमीटरवर पांझराकाठचे धुळे येते. व्यापारी घराण्यांना हा रस्ता कापूस, केळी आणि डाळींच्या वाहतुकीमुळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की हाच रस्ता साधू-साध्वींच्या विहाराचा होतो. मोटारीला जेथे दोन तास पुरतात, तेथे पायी सहा-सात दिवस लागतात. धुळ्यापुढेही वाट थांबत नाही. कुसुंबे, मनोवांछित पार्श्वनाथांचे नेर, साक्री आणि बळसाण्याचे तीर्थ ही नावे विहाराच्या नकाशावर ठळक आहेत.

या वाटेवर दोन संकटे समोरासमोर उभी असतात. एक ऊन. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्यावर अनवाणी पाऊल ठेवणे कठीण होते. दुसरे अंधार. ईर्यासमितीची आज्ञा प्रकाशात, पुढची युगप्रमाण म्हणजे साडेतीन-चार हात जमीन पाहत, जीव जपत चालण्याची आहे. उन्हाळ्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबरअखेर सात वाजतात. उन्हाच्या धाकाने प्रस्थान अलीकडे ओढले, की अंधुक वेळेत महामार्गाचा काही भाग चालावा लागतो. अशा वेळी भरधाव वाहनाने साधू-साध्वींचे प्राण घेतल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. शक्य तेथे उजाडल्यावरच निघावे, हा पहिला उपाय. तो शास्त्राचाही आहे आणि सुरक्षेचाही.

साधू-साध्वी स्वतः दिवा बाळगत नाहीत. अग्निकायाच्या विराधनेचा विचार त्यामागे आहे. म्हणून गावोगावचे तरुण विहारसेवेसाठी सोबत निघतात आणि खिशातली छोटी विजेरी त्यांच्या हातात असते. हा उजेड साधूंना वाट दिसावी म्हणून नसतो; वाहनचालकाला साधू दिसावेत म्हणून असतो. हा फरक ध्यानात आला, की विजेरी निवडण्याची दृष्टीच बदलते.

धुळ्या-जळगावच्या बाजारात विजेरी बहुधा पाकिटावरच्या आकड्यावर विकली जाते. हा आकडा ल्युमेनचा, म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा. तो जितका मोठा, तितकी वस्तू चांगली असा समज असतो. व्यापाऱ्याने मात्र तो आकडा खर्चाच्या रकान्यात मांडावा, कारण भांडवल सेलमध्ये असते. ३००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम सेलमध्ये साधारण ११ वॉट-तास ऊर्जा मावते. हिशेब सोपा व्हावा म्हणून एका वॉटमागे १०० ल्युमेन धरले, तर १००० ल्युमेनचा झोत हे भांडवल तासाभरात संपवील. १०० ल्युमेनचा उजेड तेच दहा तास पुरवील. दोन आणि एकदशांश नव्हे, केवळ १.२ व्होल्टच्या पेन्सिल सेलमध्ये, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासांच्या पुनर्भारित सेलमध्ये, जेमतेम २.४ वॉट-तास असतात; त्यावर ५० ल्युमेन चार-साडेचार तास मिळतात. डोळ्याचा स्वभावही काटकसरीच्या बाजूचा आहे. प्रकाश चौपट केला, तरी डोळ्याला तो ढोबळमानाने दुप्पटच भासतो.

शिवाय मोठा झोत टिकतही नाही. बोटाएवढ्या धातूच्या नळीत इतकी उष्णता मावत नाही, म्हणून चांगल्या विजेरीतील यंत्रणा काही मिनिटांतच प्रकाश आपोआप उतरवते. एफएल-१ या अमेरिकी मानकानुसार चालण्याचा अवधी दिवा लावल्यानंतर ३० सेकंदांपासून मोजतात, तो प्रकाश मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘१००० ल्युमेन, ४ तास’ या ओळीचा अर्थ चारही तास हजार ल्युमेन असा नव्हे. अखेरीस शंभरच उरलेले असू शकतात. अंतराचा आकडाही असाच. ज्या ठिकाणी प्रकाश पाव लक्स, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तेथवर ते अंतर मोजलेले असते.

विहाराचा टप्पा तीन-चार तासांचा, त्यातला अंधाराचा भाग तास-दीड तासाचा. त्यासाठी ५० ते १५० ल्युमेन सलग, न ढळता देणारी विजेरी पुरेशी आहे. तिची परीक्षा घरीच करावी. सेल पूर्ण भरून, ठरलेल्या पायरीवर विजेरी छताकडे तोंड करून ठेवावी आणि दर अर्ध्या तासाने उजेड पाहून वहीत नोंद करावी. पहिल्या मिनिटाचा झगमगाट पाहून वस्तू घेणारा फसतो. शेवटच्या तासाचा उजेड पाहणारा फसत नाही. खानदेशी उन्हाळ्यात विजेरी बंद मोटारीत ठेवू नये. तापलेल्या जागी लिथियम सेलचे आयुष्य झपाट्याने घटते. साधे सेल महिनोन्‌महिने आत राहिले तर पाझरतात आणि विजेरी निकामी करतात.

उजेड कोठे पाडावा, हेही महत्त्वाचे. झोत चालकाच्या डोळ्यांवर गेला, तर त्यालाच काही क्षण दिसेनासे होते. ताशी ८० किलोमीटर वेगाची मालमोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे येते, म्हणून ते काही क्षण जीवघेणे ठरतात. झोत जमिनीकडे, पसरट ठेवावा. एक सेवक पुढे, एक मागे. मागच्याकडे लाल लुकलुकता दिवा. आणि सर्व सेवकांच्या अंगावर चमकपट्ट्यांचे जाकीट. ते वाहनाचाच प्रकाश परत पाठवते, त्याला सेल लागत नाही. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, रस्त्याच्या कडेने, एका रांगेत चालावे. कापसाच्या हंगामात रुंदीबाहेर भरलेल्या गाड्या कडेला घासून जातात, तेव्हा ही रांग अधिकच जपावी लागते.

जीवदयेचा विचार येथेही सुटत नाही. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे किडे-पाखरे अधिक ओढली जातात, पिवळसर प्रकाशाकडे कमी. पहिल्या पावसाच्या सुमारास, विहाराचे दिवस संपत आलेले असताना, हा फरक सहज जाणवतो. म्हणून पिवळसर, मंद आणि गरजेपुरताच लावलेला दिवा घ्यावा. पुन्हा भरता येणारे सेल वापरले, तर कचरा आणि परिग्रह दोन्ही घटतात.

फागण्याच्या पुढे उजाडते. पूर्वेकडून आलेल्या प्रवाशांच्या पाठीवर कोवळे ऊन पडते, शेतांच्या कडा स्पष्ट होतात आणि पायांखालची चार हात जमीन आपोआप दिसू लागते. सेवक विजेरी विझवून खिशात टाकतो. त्या वेळी तिच्यात निम्मी शिल्लक उरली असेल, तर निवड योग्य झाली असे समजावे. दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यावर वीज मिळेलच, याची खात्री नसते. उपाश्रयात पोहोचल्यावर गोचरीची चौकशी होते, तशीच सेल भरले की नाही याचीही व्हावी.