दातांच्या तारा

हसताना तोंडावर हात धरणारी दोनचार मुले प्रत्येक वर्गात असतातच. विनोद त्यांनाही इतरांइतकाच कळलेला असतो. पण इतरांचे हसू वर्गभर पसरते आणि यांचे तळहातामागेच विरून जाते. माझी बारा वर्षांची नात अशांपैकीच एक. तिचे पुढचे दात बाहेर झुकलेले आणि सुळे दाटीमुळे वर चढलेले.

या वयापर्यंत दुधाचे दात बहुतेक पडून गेलेले असतात. तेव्हा आताच तारा लावाव्यात, असे दंतवैद्यांनी सुचविले आणि घरातील जो तो आपापल्या काळजीत बुडाला. वरचा दात काढला की दृष्टी अधू होते, हे तिच्या आजीचे भय. वास्तविक दातांचे मज्जातंतू वेगळे आणि दृष्टीचा मज्जातंतू वेगळा. पण ही समजूत आपल्याकडे किती घट्ट रुजली आहे! जागा करण्यासाठी चांगले दात काढायचे, म्हणून आई हळहळली. वडिलांनी मात्र पैसे हप्त्यांनी देता येतील का, याची सरळ चौकशी केली. मला ते आवडले. उपचार दीड-दोन वर्षे चालायचा. खर्चाची गोष्ट लपविण्यात कसला आला आहे मोठेपणा?

मुलगी गप्पच होती. एके संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "आजोबा, ओढून ओढून दात पडले तर? आणि वर्गातली मुले हसली तर?"

पहिल्या शंकेचे उत्तर दंतवैद्यांनी दिले. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती सूक्ष्म तंतूंचे अस्तर असते. तारेचा मंद दाब पडला, की दात ज्या बाजूला सरकतो तेथील हाड हळूहळू विरते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवे हाड भरून येते. महिन्याकाठी हा प्रवास साधारण एक मिलिमीटरचा! म्हणूनच घाई करून चालत नाही. ही खटपट आजची नव्हे, बरे का! धातूची पट्टी दोऱ्यांनी दातांना बांधण्याची रीत फ्रान्समधील प्येर फोशार यांनी १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात वर्णिली आहे.

दुसऱ्या शंकेवर औषध नव्हते. "कोणी हसणार नाही," असे खोटे आश्वासन मी दिले नाही. हसणारे हसतात, चार दिवसांनी त्यांना दुसरा विषय सापडतो, एवढा शाळेतला अनुभव तिला सांगितला.

तारा लागल्यावर तीनचार दिवस दात ठणकले. मऊ भात, खिमट आणि केळी यांवर तिने दिवस काढले. प्रत्येक जेवणानंतर दात घासण्याचा तिला कंटाळा येतो. पुढे तारा निघाल्या तरी दात पूर्वीच्या जागी परतू नयेत म्हणून काही काळ क्लिप वापरावी लागेल, हे ऐकून तर तिने कपाळावर हात मारला. ऊस आणि चिक्की तिने निमूटपणे सोडली. कैरीची फोड मात्र तिच्याने सोडवेना. शेवटी, कैरी किसून खाल्ली तर चालेल ना, हे तिने स्वतःच दंतवैद्यांना विचारून घेतले.