पर्ल गुरामीचे शेजारी

पर्ल गुरामी या माशाला घाई ठाऊकच नाही. जेमतेम बारा सेंटिमीटरपर्यंत वाढणारं चपटं अंग, त्यावर मोत्यांसारखे ठिपके आणि तोंडापासून शेपटीपर्यंत गेलेली एक काळी रेघ. सुमात्रा-बोर्निओच्या दलदलीतलं संथ, पाला कुजून तांबूस झालेलं पाणी हे त्याचं मूळ घर. अशा पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून हा मधूनमधून वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा वनस्पतींच्या आडोशाला जातो.

त्याच्या पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर असतात. नवं पान असो, खाण्याचा दाणा असो की शेजारचा मासा, आधी या परांनी हलकेच चाचपायचं, मगच जवळ जायचं. टायगर बार्बला मात्र असं काही लोंबताना दिसलं की कुरतडल्याशिवाय राहवत नाही. तोही त्याच बेटांवरचा; पण गाववाला असला म्हणून शेजार जमतोच असं नाही.

छळ झाला तरी गुरामी सहसा उलटून भांडत नाही. तो कोपरा धरतो, त्याचा रंग उतरतो, खाणं सुटतं. टाकी वरवर शांत दिसते आणि मासा आतून खचत असतो. म्हणून त्याची सोबत आपणच विचारानं निवडायला हवी.

मधल्या थरात हार्लेक्विन रासबोराचा आठ-दहांचा थवा ठेवावा. तळाशी कोरीडोरास किंवा वाळूत शिरणारे कुहली लोच, तेही निदान सहा. वरचा थर गुरामीचा. त्यात नर एकच आणि माद्या दोन-तीन. विणीच्या दिवसांत नराचा गळा केशरी होतो, तो पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि तेव्हा हाच सोशीक जीव दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. गोल्डफिश त्याच्यासोबत नकोच. गुरामीला 24 ते 28 अंशांचं पाणी लागतं, गोल्डफिशला त्याहून थंड.

नवा मासा आणताना रंगावर भुलू नये. पूर्ण वाढल्यावर त्याचं तोंड केवढं होईल, चाल कशी आहे, तो कोणत्या थरात राहतो, पाणी कसं लागतं, हे आधी विचारावं. आज निऑन टेट्राशेजारी शोभणारं एंजलफिशचं पिल्लू मोठं झालं की त्याच निऑनला गिळतं. टाकीतल्या सर्वांत बुजऱ्या माशाला जो शेजार मानवेल, तोच घरी आणावा.