ग्रेनोबलचा थंडीला भिणारा कलेक्टर

लोक फ्रान्सला जातात ते पॅरिस पाहायला. मी गेलो तो भाच्याला परत आणायला. आयफेल टॉवर मी पाहिला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

झाले असे की, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा गणितात संशोधन करायला ग्रेनोबल नावाच्या गावी गेला. दोन वर्षे खपून लिहिलेला त्याचा निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला. तेव्हापासून त्याचे फोन आखूड होत गेले आणि एके दिवशी, ‘‘हे मला जमणारं नाही, मी परत येतो,’’ असे त्याने सांगून टाकले. बहीण रडकुंडीला आली. ‘‘दादा, तू रिकामाच आहेस. जाऊन बघ. यायचंच असेल तर घेऊन ये; पण हरून येऊ नये रे त्यानं!’’ बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला रिकामा म्हणण्याचा हक्क साऱ्या जगाला असतो. मी बॅगेत स्वेटर कोंबले आणि निघालो.

पॅरिसहून वेगवान आगगाडीने तीन तासांत ग्रेनोबल येते. गाव अगदी सपाट; पण भोवती तीन बाजूंना डोंगर. एकीकडे शार्त्रूझ, दुसरीकडे वेर्कोर आणि पूर्वेला बर्फाची पगडी घातलेला बेलदोन. कुठल्याही रस्त्याने सरळ पाहावे, तर शेवटी डोंगर उभाच! मार्च महिना होता, तरी माझे दात वाजत होते. भाचा स्टेशनवर आला, वाकून नमस्कार केला, पण चेहरा असा की जणू मीच त्याला सुतकाचा निरोप घेऊन आलो आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बास्तीय किल्ल्यावर नेले. इझेर नदीवरून वर जाणारी दोरावरची गाडी तिथे १९३४ सालापासून आहे; तिचे आताचे डबे काचेच्या गोल फुग्यांसारखे दिसतात. वर पोचल्यावर खाली सारे गाव भातुकलीसारखे मांडलेले. आम्ही बाकावर बसलो. बोलायचे तर होते, पण सुरुवात कुठून करावी?

‘‘अरे, तुझं ते गणित तरी कशाचं?’’ मी विचारले.

‘‘उष्णता कशी वाहते त्याचं, मामा. आंशिक अवकल समीकरणं म्हणतात.’’

‘‘मला झाऱ्याच्या भाषेत सांग. तुझी आई कढईत झारा विसरली की त्याची मूठ तापते, एवढं मला ठाऊक आहे.’’

तो किंचित हसला. चार दिवसांत पहिल्यांदाच हसला असावा. ‘‘मूठ लगेच का तापत नाही? कारण झाऱ्याचा प्रत्येक कण फक्त शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी आपल्याहून गरम असेल तर घेतो, थंड असेल तर देतो. हे घेणं-देणं लिहून काढलं की झालं समीकरण. बराच वेळ गेला की एक वेळ अशी येते, की जेवढं येतं तेवढंच जातं. मग उष्णता वाहत राहते, पण तापमान हलत नाही.’’

‘‘पेन्शनरासारखं!’’ मी म्हणालो.

आता त्याने खिशातून चौकटीचा कागद काढला. ‘‘हा चौरस पत्रा समजा. एक कड उकळत्या पाण्याची, १०० अंश. बाकीच्या तीन कडा बर्फात, शून्य अंश. सगळं स्थिरावल्यावर मधोमध किती?’’

‘‘पन्नास,’’ मी बँकेच्या ठसक्यात सांगितले.

‘‘पंचवीस! असे चार पत्रे घ्या. प्रत्येकाची तापलेली कड वेगळी. चौघांच्या तापमानांची बेरीज करा. मग चारही कडा १०० होतात, म्हणजे आतही सगळीकडे १००. मधल्या बिंदूला चौघांचाही वाटा सारखा; म्हणून प्रत्येकाचे पंचवीस!’’

आकडेमोड न करता उत्तर! चाळीस वर्षे खतावण्या जुळवलेल्या मला मोठी मौज वाटली. ‘‘ही बेरजेची युक्ती तुझी?’’

‘‘नाही हो. हिच्या जोरावर मोठी इमारत उभारली ती फूरियेनं. इथला प्रीफे होता तो, म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर.’’

आणि मग, वाचकहो, भाच्याच्या तोंडाला जणू कुलूपच नव्हते. जोसेफ फूरिये हा ओसेर गावच्या शिंप्याचा मुलगा; जन्म १७६८. लहानपणीच आई-बाप गेले. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परत आल्यावर पॅरिसला शिकवत राहावे ही त्याची इच्छा. पण नेपोलियनने १८०२ मध्ये त्याला इथे कारभार पाहायला पाठवले. त्याने बूर्ग्वॅंजवळची दलदल उपसवली, तूरिनकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम काढले आणि उरल्या वेळात लोखंडाचे कडे तापवून त्यात थर्मामीटर खोचून बसला. इजिप्तच्या उन्हाची अशी चटक लागली होती, की इथे तो अंगावर थरावर थर कपडे चढवी आणि खोल्या भट्टीसारख्या तापवी, असे सांगतात. त्या माणसाबद्दल मला तत्काळ बंधुभाव वाटू लागला.

‘‘कुठलाही आकार साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येतो, असं त्यानं म्हटलं. प्रत्येक लाट आपापल्या वेगानं निवते. लाटेची लांबी निम्मी असेल तर ती चौपट वेगानं निवते. बारीकसारीक चढउतार आधी पुसले जातात. मोठी लाट शेवटपर्यंत रेंगाळते.’’

‘‘मग मान्य केलं असेल पॅरिसनं?’’

तो थांबला. ‘‘नाही. डिसेंबर १८०७ मध्ये निबंध पाठवला. लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञानं लाटांच्या बेरजेवर हरकत घेतली. निबंध छापलाच नाही. पुढे स्पर्धेसाठी पुन्हा लिहिला. १८१२ मध्ये बक्षीस मिळालं, पण त्यातही ‘काटेकोरपणा कमी’ असा शेरा! पुस्तक निघालं ते १८२२ मध्ये. आणि १८०७ चा मूळ निबंध छापून बाहेर आला तो १९७२ साली.’’

मी मनात वजाबाकी केली. पुस्तकाला पंधरा वर्षे; मूळ निबंधाला एकशे पासष्ट! ‘‘आणि त्या हरकतीचं काय? खोटी होती?’’

‘‘तेच तर! हरकत खरी होती. फूरियेची सिद्धता अपुरीच होती. ती भरून काढता काढता पुढच्या शतकाचं किती तरी गणित जन्माला आलं.’’

‘‘मग तुझ्या निबंधावरचा शेरा खोटा आहे की अपुरेपणा दाखवणारा?’’

तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. ‘‘दोन महिन्यांत ते पत्र मी पुरतं वाचलेलं नाही, मामा,’’ तो हळूच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला व्हीफ गावी गेलो. चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँच्या कुटुंबाच्या घरात २०२१ पासून संग्रहालय आहे. त्याच्या थोरल्या भावाने फूरियेला इजिप्तवरच्या लेखनात मदत केली होती. शांपोलियाँचा उलगडाही १८२२ चाच! तिथे भाच्याने ते पत्र काढले आणि बागेतल्या बाकावर बसून पेन्सिल घेऊन वाचले. मी लांबून पाहत होतो. मध्येच त्याने कपाळावर हात मारला. तो वैतागाचा नव्हता, चूक सापडल्याचा होता.

रात्री बहिणीचा फोन आला. ‘‘आणतोयस ना त्याला?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो, ‘‘मी एकटाच येतोय. तू फक्त चकल्यांचा डबा पाठव. आणि एक स्वेटर. माझे सगळे मी इथेच ठेवून येतोय.’’